त्रिकोणातले सत्तेचाळीस

कणकुंबीच्या अलीकडे डांबर संपतं,
तिथंच मोबाइलही संपतो.
पुढं तीन किलोमीटर जीप, आणि मग
रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर उभे सात तंबू,
जमिनीपासून कंबरभर वर,
खालून सापाला, सायाळाला, पावसाच्या पाण्याला
आपापली वाट मोकळी.

"एकही झाड तोडलं नाही," हलगेकर सांगतात.
सहा वर्षं ते गॅबॉनात होते, तिथल्या पावसाळी रानात
असाच लॉज चालवायचे, गोरिलांच्या शेजारी.
"तिथं शिकलो. रानाला कळूच द्यायचं नाही
की आपण आलोय."

बादलीत चुलीवरचं पाणी. सौर दिवा, नऊपर्यंत.
संडासात लाकडाचा भुसा, दर वेळी एक मूठ.
उशीवर कार्ड: टॉवेल दोनदा वापरा, एक झाड वाचवा.
मी ते पुन्हा वाचते.
बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच
कुणी इतक्या स्वस्तात झाड देऊ केलंय मला.

संध्याकाळी जुजे सिद्दी रान दाखवायला नेतो.
बोलत नाही, नुसतं बोट करतो:
धनेशाची ढोली, शेकरूचं घरटं,
अस्वलानं उकरलेलं वारूळ.
बंगळूरचा एक पाहुणा कुजबुजतो,
"तुम्ही मूळचे आफ्रिकेचे ना?"
जुजे पोटरीवरची जळू मीठ लावून सोडवतो.
"गोल्याळीचा."
"नाही, त्याच्या आधी?"
"आधी वरल्या वाडीत. घर पडलं, मग खाली आलो."
हलगेकर हसतात. आफ्रिकेत राहिलेत ते.
जुजे लांब असा एकदाच गेलाय, हुबळीला,
दाढ काढायला.

रात्री जेवायला एकच लांब मेज.
तांदळाची भाकरी, अळंबीचा रस्सा.
"हेही जुनंच लाकूड," हलगेकर म्हणतात,
"लोंढ्याच्या डेपोत चाळीस वर्षं कुजत होतं. वाचवलं."
माझा हात मेजाच्या टोकाला खाली जातो,
शाळेतल्या बाकाखाली जायचा तसा, उगाच,
आणि बोटाला लागतो त्रिकोण.
एक कोपरा तुटका.
आत चार आणि सात.

बाबा फॉरेस्टात मोजणीदार.
ओंडक्याच्या तोंडाला पट्टी, घेर, लांबी,
घनफूट वहीत, मग हातोडीचा एक घाव.
खूण उठली की झाड कागदोपत्री मेलं.
हातोडी रात्री घरी यायची, गोणपाटात गुंडाळून.
एकदा मी ती आईनं थापलेल्या भाकरीवर उठवली.
मार खाल्ला. भाकरीही खाल्ली.
कोपरा तेव्हाही तुटकाच होता.

जुजे ताटं उचलायला येतो,
माझा हात कुठं आहे ते बघतो.
"गावलं काय तुमाला?" हळूच म्हणतो.
"रोज पुसतो मी तितं. आमचा आज्जा करवतीवर होता.
ह्येच झाड त्यानं पाडलं की दुसरं, कुणाला ठाव.
पन शिक्का त्योच. त्रिकोनवाला म्हणायचे त्याला.
घेर कमी लिवायचा म्हणे वहीत.
मजुरी मग तेवडीच कमी."

"नाव काय त्याचं?"
"नाव कोन इचारतंय सायबाचं."

मी पाण्याचा पेला उचलते, ठेवते.
सहावीत होते तेव्हा आमच्याकडे सायकल आली होती.
हिरवी. नवी कोरी.
कुठून, असं कुणी विचारलं नव्हतं.

दिवा मंद होत जातो, नऊ वाजले असावेत.
दरीत सांबर एकदा ओरडतं,
कुणाला सावध करतंय, कुणापासून,
ते जुजेला कळतं. तो मान वर करतो,
आणि काही न सांगता मेज पुसायला लागतो,
त्या कोपऱ्याशी जरा जास्त वेळ.

सकाळी हलगेकर वही पुढे करतात:
राहण्याचा अनुभव, सूचना, तक्रार.
धनेश डोक्यावरून जातो, पंखांचा आवाज
करवतीसारखा, एकदा ओढलेल्या, एकदा ढकललेल्या.
पेन हातात बराच वेळ राहतं.

मी लिहिते:
टॉवेल एकच वापरला.